चुकवू नयेत असे पाच

माहितीपट या प्रकाराचा मला वीट आलाय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की या माणसाचं मन मोठं होतं.

मी रामकिसन. बीडला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. दर रविवारी जिल्ह्याच्या पेपरात माझा रकाना येतो, 'चुकवू नका' नावाचा, त्यात मी लोकांना काय बघावं ते सांगतो. रकान्याच्या कोपऱ्यात माझा फोटो असतो, डोक्यावर केस होते तेव्हाचा. तोंडावर मला लोक सर म्हणतात आणि पाठीमागं कडू कारलं. तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी हे कारलं कडूच, असं आमच्या स्टाफरूममध्येच कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मी ते पुसलं नाही. खोटं काही नव्हतं त्यात.

गेल्या फेब्रुवारीत शिवशंकर माझ्याकडं पेन ड्राइव्ह घेऊन आला. हा विजयसिंहदादांच्या ट्रस्टचा सचिव. दादा म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन, या भागातले पुढारी. त्यांच्या ट्रस्टला यंदा माहितीपट महोत्सव भरवायची हुक्की आली होती.

"सर, अठरा फिल्मा हायेत," शिवशंकर म्हणाला. "तुमी त्यातल्या पाच काढा. त्या पाच मोठ्या सभागृहात दावायच्या. बाकीच्या वाचनालयात टीव्हीवर लावू, कुणी आलं तर आलं. आन् पाचांखाली तुमच्या चार-चार ओळी. पुस्तिका छापायचीय, तुमच्या फोटोसकट."

"कधीपर्यंत?"

"परवा."

अठरा फिल्म आणि दोन दिवस. वर जाता जाता तो दारात थांबला. "एक दादांवरची हाय त्यात. ती पाचात घ्याच असं म्हणत न्हाई मी. पण ती पाचात असंल."

मी त्याच दुपारी बसलो बघायला, स्टाफरूममध्ये. देवा रे देवा. एक कपिलधारच्या धबधब्यावर होती. चाळीस मिनिटं वरून ड्रोन आणि खालून बासरी. पाणी पडतंय हे कळायला मला एक मिनिट पुरलं असतं. एक परळीच्या वीजकेंद्राच्या राखेवर होती. तिथली माणसं राखेनं खोकतात, आणि हा पठ्ठ्या त्या खोकल्यामागं तबला वाजवत होता. आणि सगळ्यांत ते हात. गरीब माणसाचा हात दिसला की यांचा कॅमेरा इतका जवळ जातो की हा फिल्म काढतोय की नायटा तपासतोय ते कळत नाही. आणि मग शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आकडे. दादांवरच्या फिल्ममध्ये दादा एका वासराला कुरवाळत होते. ते वासरू त्यांच्याकडं बघत नव्हतं, कॅमेऱ्याकडं बघत होतं. ती मी पहिल्या नंबरला टाकली. थुंकून टाकावं असं वाटत होतं, आणि हात मात्र 'लोकनेत्याचे हृद्य चित्रण' असं टाइप करत होते.

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. भिवराबाई, माझ्या आईची धाकटी बहीण. वडवणीपासून चार कोसांवर तिचं गाव. आई गेल्यापासून मला 'रामा' म्हणणारी तेवढीच एक उरली आहे.

"रामा, ती पुण्याची पोरं आमची फिल्म काढून गेलती बघ. ती बीडला लागणाराय म्हणं."

ती त्या अठरांत होती, मला माहीत होतं. अभिमन्यू नावाच्या पोरानं केली होती. दोन हंगाम हा ऊसतोडीच्या लोकांमागं फिरला. पहिल्या हंगामात मावशी आणि माझा मावसा त्रिंबक दोघं होते. दुसऱ्या हंगामात एकटी मावशी. पहिला हंगाम संपता संपता मावसा उसाच्या फडातच गेला, छातीत कळ येऊन.

"त्यात तुझा मावसा हाय म्हणं," मावशी म्हणाली. "चालताना."

"असेल की."

"मला बघायचंय रामा. भितीवर फोटू हाय, पण त्यो आधारकार्डावरनं मोठा केलाय. त्यात ते पोलिसानं धरल्यावनी दिसतेत." मग म्हणाली, "त्वांड हाय ध्यानात. चाल इसरायला लागलेय मी. परवा लई आठवून बघितली, येईना. तेवढं मला ने."

मी हो म्हटलं. वाचनालयातल्या टीव्हीवर कोण कधी काय लावेल याचा भरवसा नव्हता. मोठ्या सभागृहात लागायची तर ती माझ्या पाचात यायला हवी होती. मग ती येणार, एवढं मी तिथंच ठरवलं.

इथं एक शब्द सांगून ठेवतो. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं अवजार नव्हे. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, त्या जोडीला कोयता म्हणतात. नवरा पुढं तोडत जातो, बायको मागं मोळ्या बांधत जाते. मुकादम टोळी जमवताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तुमच्या गावातून किती कोयते गेले, असं विचारतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी सुखानं घेत नाही. माझे आईबाप दोघं मिळून एक कोयता होते. मी फडातच चालायला शिकलो, पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर. मग वसतिगृहात गेलो, मग कॉलेजात, आणि पाचट पायाला टोचल्याला आता चाळीस वर्षं होत आली.

पुस्तिकेचा मजकूर द्यायचा दिवस उजाडला. स्टाफरूममध्ये बाकीचे परीक्षेचे पेपर तपासत होते, म्हणून मी आवाज बंद करूनच फिल्म बघत होतो. अभिमन्यूची 'साखरेच्या मागे' लावली ती पळवत पळवतच. मला एकच बघायचं होतं, मावसा आहे का. एकतिसाव्या मिनिटाला दिसला. डोक्यावर मोळी, उसाच्या दोन रांगांमधून चाललेला. ती डाव्या पायात जराशी ओढ. पटली ओळख. मी फिल्म तिथंच बंद केली.

चार ओळी लिहायच्या होत्या. अभिमन्यूनं फिल्मसोबत इंग्रजीत एक पानभर माहिती दिली होती, ती समोर धरली आणि तिचं मराठी करून टाकलं. नंबर तीन. 'ऊसतोड कामगार भिवराबाई यांचा एकुलता एक कोयता मोडतो. त्या मोडक्या कोयत्यानेच त्या जगण्याशी झुंज देत राहतात. डोळ्यांत पाणी आणणारा अनुभव. चुकवू नका.' खाली माझं नाव आणि फोटो. दोन मिनिटांचं काम. शिवशंकरनं वाचलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या लेखणीत लई दम हाय."

महोत्सवाच्या दिवशी मी सकाळी वडवणीच्या स्टँडवरून मावशीला घेतलं. ती नवं लुगडं नेसून आली होती, डोक्याला तेल चापून लावलेलं. एसटीत तिनं मला दोनदा विचारलं की चष्मा लागेल का. मी म्हटलं, पडदा भिंतीएवढा असतो. तरी पिशवीतला चष्मा तिनं हातात काढून ठेवला तो सभागृह येईपर्यंत तसाच.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या चार रांगा पाहुण्यांच्या, पुण्या-संभाजीनगरकडून आलेल्या, गळ्यात ओळखपत्रं. मागं गावोगावच्या बाया, ट्रस्टनं टेम्पो भरून आणलेल्या, गर्दी दिसावी म्हणून. अभिमन्यू धावत आला, मावशीच्या पायाशी वाकला आणि 'आई' म्हणाला. मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगं वाईट नव्हतं. मला त्याचा खादीचा कुडता बघूनच शिसारी आली, तो माझा दोष.

पहिली दादांची फिल्म. दादा स्वतः उशिरा आले, म्हणून ती उशिरा सुरू झाली, आणि मधे तीनदा टाळ्यांसाठी थांबवली. मग धबधबा. बाराला लागायची ती मावशीची फिल्म सव्वाएकला लागली. मावशीनं चष्मा चढवला.

"मी इतकी काळी हाय?" पडद्यावर स्वतःला बघून ती मला म्हणाली.

"ऊन असतं ना मावशी."

"मग बरं."

आता आवाज होता. आठव्या मिनिटाला पडद्यावरची मावशी चुलीपुढं बसून बोलायला लागली. "माझा कोयता मोडला बाबा. आता मी अर्धा कोयता. अर्ध्याला कोण नेतंय?" खाली इंग्रजीत अक्षरं आली, की माझा विळा मोडला, आता माझ्याकडं अर्धाच विळा आहे.

मागच्या रांगांतून बायांचं च् च् ऐकू आलं. त्यांना कळलं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अर्ध्या विळ्यानं ऊस तोडते बिचारी." आणि माझे कान तापले. मांडीवर ती पुस्तिका होती. मी ती उलटी करून ठेवली.

त्या पोराला माहीत नव्हतं, तो पुण्याचा. मला काय धाड भरली होती? मराठी शिकवतो मी. शब्दांचे अर्थ सांगायचा पगार खातो. स्वतःचीच मला किळस आली, आणि ती काही नुसती म्हणायची म्हणून नव्हे. पण म्हटलं, जाऊ दे, एकतिसावं मिनिट येऊ दे. तिला अक्षरं कुठं वाचता येतात. तिला जे बघायचंय ते दिसू दे, बाकीचं मी माझं बघून घेईन.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला दिवे लागले.

पडदा थिजला. शिवशंकर माइकवर आला. "दादांना परळीला लग्नाला जायचंय, म्हणून आपण मधेच एक छोटा कार्यक्रम घेतोय. आपल्या रामकिसन सरांनी पुस्तिकेत लिहिलंय की या माउलीचा कोयता मोडला. दादांनी ते वाचलं आणि काल मला म्हणाले, शिवशंकर, त्या माउलीला नवा कोयता द्यायचा."

कोयता ताटात होता. आठवडी बाजारातून आणलेला, कोरा, मुठीला लाल फीत बांधलेली. शेजारी शाल आणि नारळ.

मागच्या रांगांतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग कुणीतरी पदर तोंडात कोंबून हसलं. आमच्याकडं रांडमुंड बाईला नवा कोयता देतो म्हणणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. "कुणासंगं देतेत?" असं एकीनं विचारलेलं मी ऐकलं. मावशीनंही ऐकलं.

तिला ट्रस्टच्या दोघींनी धरून स्टेजवर नेलं. दादांनी ताटातला कोयता उचलला. दादांच्या कारखान्यावर दर साली किती कोयते येतात ते त्यांना झोपेत विचारा, ते सांगतील. त्यांनी मावशीच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. मागच्या बायांकडं बघितलं. एक क्षण हात थांबला. कळलं त्यांना, मी पैजेवर सांगतो. आणि मग त्यांनी फोटोग्राफरकडं तोंड केलं आणि कोयता पुढं केला. एवढा घाण प्रकार मी पडद्यावर पाहिला असता तर पहिल्या नंबरला टाकला असता.

शिवशंकरनं माइक मावशीपुढं धरला. "बोला माउली, दोन शब्द."

मावशीनं कोयता हातात घेतला नाही. तो दादांच्याच हातात राहिला. "दादा, ह्यो नको मला," ती म्हणाली. "माझा कोयता अजून यायचाय तिथं पडद्यावर. तेवढा दावा. मग मी जाते."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. अभिमन्यू डोळे पुसत माइकवर आला आणि म्हणाला, "आईंचं त्यांच्या जुन्या अवजाराशी किती खोल नातं आहे, बघा." मला वाटलं उठून त्याच्या मुस्काटात द्यावी. पण ते नातं त्याला छापून कुणी दिलं होतं मराठीत?

दादांनी कोयता शेजारच्या खुर्चीवर ठेवला, फोटो झाले, आणि दादा गेले. दादा गेले म्हणून पाहुणे उठले. पाहुणे उठले म्हणून जेवणाची सुट्टी जाहीर झाली. बाया टेम्पोकडं गेल्या. पाच मिनिटांत सभागृहात मी, मावशी, अभिमन्यू आणि फिल्म लावणारा प्रविण एवढेच उरलो. मावशी स्टेजच्या पायरीवर उभी होती, चष्मा घालून, थिजलेल्या पडद्याकडं तोंड करून.

मी प्रविणकडं गेलो. "हीच पुढं लाव."

"सर, सुट्टी झाली. चारनंतर पुढची फिल्म लावायची म्हणलेत. ही झाली असंच धरायचं म्हणले."

"लाव बे."

माझ्या तोंडातून 'बे' तीस वर्षांत निघाला नव्हता. प्रविणनं माझ्याकडं बघितलं आणि लावली.

दारं उघडी होती, बाहेरचं ऊन आत येत होतं, त्यामुळं चित्र फिकट दिसत होतं. उसाच्या दोन रांगा. आणि मावसा आला, डोक्यावर मोळी, डाव्या पायात ओढ. पाठमोरा. अकरा सेकंद चालला आणि उसाआड गेला. तोंड एकदाही वळवलं नाही त्यानं. हे मी आवाज बंद करून, पळवत बघताना लक्षातच घेतलं नव्हतं.

"पाठमोरंच हायेत," मावशी म्हणाली.

"मावशी, मला वाटलं होतं..."

"न्हाई रे. बरंय. मी तर कायम मागंच असायची, मोळ्या बांधत. म्या ह्यांना असंच बघितलंय बावीस हंगाम." तिनं पडद्याकडं बोट केलं. "हीच चाल. हीच. बाळा, परत लाव की."

प्रविणनं परत लावली. मग परत. तिचा हात आपोआप पुढं जात होता, मावसा उसाआड गेला की खाली येत होता. सहाव्यांदा झाल्यावर तीच म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे. आली ध्यानात." आणि पायरीवर बसून तिनं तोंडाला पदर लावला. अभिमन्यू खाली मान घालून उभा होता. मी त्याला कोयता म्हणजे काय ते सांगितलं. तो पांढराफटक पडला आणि बाहेर गेला.

मावशीनं डोळे पुसले. खुर्चीत पुस्तिका पडली होती, ती उचलली. "ह्यात हायेत का हे?" पानं उलटता उलटता ती थांबली. तिला वाचता येत नाही, पण पानावर वर तिचा आणि खाली माझा फोटो होता.

"ह्यो तू हायेस. आन् ही मी. काय लिवलंस रे माझ्याबद्दल?"

मला खोटं वाचता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण नाही जमलं. जसं छापलं होतं तसं वाचलं, 'चुकवू नका' पर्यंत.

बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता, मठ्ठ्याचा वास येत होता.

"त्या पोराला ठावं न्हाई, त्यो पुण्याचा," ती म्हणाली. "दादाला ठावं हाय, पण त्यो दादा हाय. तू कावून असं लिवलंस? तुझी आई आन् बाप कोयता हुते नव्हं?"

मी पुस्तिका मिटली.

"तुला तर पाचटावर धरून मी चालवलंय," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं खुर्चीवरचा कोयता उचलला, फीत सोडून पदरात बांधली, आणि कोयता माझ्या हातात दिला. "धर. तुझ्यामुळं आलाय."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मधूनमधून तिची बोटं मांडीवर हलत होती, एक लांब, एक आखूड, मावशाच्या पावलांसारखी. कंडक्टर तिकीट फाडायला आला आणि माझ्या मांडीवरचं कोरं पातं बघून थबकला.

"सर, हत्यार सीटखाली ठेवा. कुणाला लागंल."

"बक्षीस आहे," मी म्हटलं.

"मावशीला मिळालं व्हय?"

मावशी खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "मला."